चार्ज न होणारा फोन
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



शिक्षकाने व्यासपीठावरून अभ्यास, परीक्षा, फार तर हस्ताक्षराविषयी बोलावे अशी अपेक्षा असते. मी आज चार्ज न होणाऱ्या मोबाईल फोनविषयी बोलणार आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि राबोडीपासून मुंब्रा-कौशापर्यंत, कल्याणच्या दूधनाक्यापासून भिवंडीपर्यंत अनेक घरांत फोन हाच वर्ग झाला. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला सकाळी मुंबई-ठाणे परिसराची वीज एकाएकी गेली, लोकल गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, आणि भरलेल्या बॅटरीची किंमत सर्वांना कळली. पुढे शाळा उघडल्या, तरी फोनची गरज संपली नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी येणारा ओटीपी, अकरावी प्रवेशाची यादी, इतकेच काय, रमजानमध्ये सहरीचा गजरसुद्धा आता फोनवरच असतो.

असा फोन चार्ज होईनासा झाला की घरात गडबड उडते. घाईने तो दुकानात जातो आणि "बॅटरी गेली" एवढे ऐकून पैसे मोजले जातात. पैसे नसतील तर तो कपाटात जाऊन पडतो. स्पष्टच बोलायचे तर, मुलाचा फोन दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला जातो आणि मुलीचा "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून राहतो. अर्जाची मुदत मात्र त्या महिन्यासाठी थांबत नाही. वस्तुतः अशा कित्येक फोनांना दुकानाची गरजच नसते.

पूर्वी कंदील पेटला नाही तर घरातील वडीलधारी माणसे आधी रॉकेल पाहत, मग वात पाहत. कंदील मोडीत काढायला कोणी निघत नसे. येथेही क्रम तोच ठेवावा. जे बाहेरचे, स्वस्त आणि सहज बदलता येण्याजोगे आहे ते प्रथम तपासावे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता हे कळत नाही.

प्रथम थोडा धीर धरा. फोनमधील लिथियम-आयन बॅटरी अगदी रिकामी झाली असेल तर तिला सुरुवातीला मुद्दाम फार थोडा प्रवाह दिला जातो. तोवर पडदा काळाच राहतो. अर्धा तास फोन चार्जरला लावून ठेवा. तो ज्या बोर्डाला लावला आहे त्यात दुसरे एखादे उपकरण चालते का, हेही पाहा. आपल्या घरांतील जोडबोर्ड ढिले असतात, आणि दोष त्यांचा असून शिक्षा फोनला होते.

आता मुख्य परीक्षा. शेजारच्या खालाजानकडून त्यांच्या फोनला चालणारा चार्जर मागून आणा. आपला फोन त्यांच्या चार्जरवर लावा. तो चार्ज झाला तर फोन निर्दोष, दोष आपल्या चार्जरचा. मग आपला ॲडॉप्टर तसाच ठेवून फक्त वायर त्यांची जोडा. आता फोन चार्ज झाला तर वायर खराब, नाही तर ॲडॉप्टर. बहुधा वायरच निघते, कारण ती पिनेजवळ रोज वाकून आतून तुटते. उलट, त्यांच्या चार्जरवरही आपला फोन चार्ज होत नसेल आणि आपल्या चार्जरवर त्यांचा फोन व्यवस्थित चार्ज होत असेल, तर दोष आपल्या फोनमध्ये आहे. विद्यार्थी मित्रहो, प्रयोगशाळेत आपण हेच करतो.

नवा ॲडॉप्टर घ्यावा लागला तर त्यावर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी, म्हणजे आर अक्षराने सुरू होणारा क्रमांक, छापलेला आहे का ते पाहा. स्टेशनबाहेर ढिगाने मिळणारे चार्जर स्वस्त असतात, पण मला ते महागच वाटतात.

दोष फोनमध्ये ठरला तरी बॅटरीकडे धावू नका. चार्जरची पिन जेथे जाते ते छिद्र पाहा. खिशातील धाग्यांचा कचरा तेथे रोज थोडा थोडा दाबला जातो, आणि भिवंडीत यंत्रमागावर काम करणाऱ्यांच्या फोनमध्ये तर कापसाचे तंतू लवकर साठतात. पिन पूर्ण आत बसत नसेल, हलकेच ओढताच सुटत असेल किंवा विशिष्ट कोनात धरल्यावरच चार्ज होत असेल, तर कचऱ्याचा संशय घ्या. फोन बंद करून दुसऱ्या फोनच्या उजेडात आत पाहा. लाकडी टूथपिकचे टोक बारीक करून कडेकडेने कचरा सैल करा व बाहेर ओढा. टाइप-सी छिद्राच्या मध्यभागी पातळ पट्टी असते आणि तिच्यावर दोन्ही बाजूंना मिळून २४ संपर्क असतात. तिला धक्का लावू नका. सुई किंवा टाचणी तर मुळीच नको. तोंडाने फुंकर मारू नका, तिच्याबरोबर बाष्प जाते.

पावसाळ्यात भिजलेला फोन लगेच चार्जरला लावू नका. छिद्र खाली करून पंख्याच्या वाऱ्यात वाळू द्या. तांदळात ठेवण्याचा उपाय घरोघर सांगितला जातो, परंतु त्याने कण व भुकटी आत जाते. तांदूळ बिर्याणीसाठी राहू द्यावेत. गॅसच्या ओट्याजवळ तापलेला फोनही चार्ज घेणे थांबवतो, थंड झाला की घेतो. आणि ८० टक्क्यांवर थांबणारा फोन बिघडलेला असतोच असे नाही. बॅटरी टिकावी म्हणून पुष्कळ फोनांत तशी सोय असते.

एका ठिकाणी मात्र घरगुती उपाय नकोत. फोनची पाठ फुगली असेल किंवा पडदा उचलला गेला असेल तर बॅटरीत वायू साठला आहे. तिला दाबू नका, टोचू नका, पुन्हा चार्ज करू नका. फोन बंद करून मुलांपासून आणि अंथरुणापासून दूर ठेवा आणि जाणकाराकडे न्या. ती बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्या.

आता दुकानाविषयी. आपली परीक्षा झालेली असली की दुकानदारालाही नेमके सांगता येते: "चार्जर बदलून पाहिला, छिद्र साफ केले, तरी होत नाही." व्होल्ट व ॲम्पिअर दाखवणारे छोटे मीटर लावून प्रवाह आत जातो का ते दाखवायला सांगा. पुष्कळ फोनांत चार्जिंगचे छिद्र वेगळ्या छोट्या पट्टीवर असते आणि तेवढी पट्टी बदलता येते. मुख्य बोर्डावरील चार्जिंगची चिप गेली असेल तर काम कठीण व खर्चिक होते. काढलेला जुना भाग परत मागा. फोनची हमी चालू असेल तर कंपनीच्या केंद्राशिवाय कोठेही उघडू देऊ नका.

मातांची एक रास्त काळजी असते, मुलीच्या फोनमधील फोटोंची. फोन चार्ज होतो का हे पाहण्यासाठी पिन किंवा पासवर्ड लागत नाही. तो देऊ नका. शक्य तर माहितीची प्रत आधी काढून ठेवा, सिमकार्ड व मेमरी कार्ड काढून घ्या, आणि दुरुस्ती समोर बसून करून घ्या. मुलीला बरोबर न्या, प्रश्न तिलाच विचारू द्या. ज्यांना या कामाची गोडी लागेल त्यांनी, मुलींनीसुद्धा, आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची चौकशी अवश्य करावी.

कोणी बिघडलेला फोन सोबत आणला असेल तर चहापानानंतर विज्ञान कक्षात यावे. चांगले चालणारे दोन चार्जर, एक मीटर आणि टूथपिकचा डबा मी आणलेला आहे.