मुलाची पहिली गाडी

गेल्या महिन्यात एक गृहस्थ मला भेटायला आले. सिन्नरजवळच त्यांची शेती, मुलगा माझ्याच वर्गात. त्याला नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झाली आहेत. चहा झाल्यावर म्हणाले, "सर, पोरगं चारचाकी मागतंय. मी म्हणतो, थोरल्याला नवी घ्यावी अन् घरातली जुनी याला देऊन टाकावी. शिकताना आपटली तरी वाईट वाटायला नको."

मी त्यांना म्हटले, "दादा, गाडी आपटली तर वाईट वाटायला नको, हे खरे. पण आत पोरगा बसलेला असतो ना?"

ते गप्प झाले. पण हा विचार काही त्यांच्या एकट्याच्या घरातला नाही. तुमच्याआमच्या बहुतेक घरांत तो आहे. पंधरा-वीस वर्षे चाक हाती असलेल्या माणसाला नवी गाडी, आणि ज्याला अजून ब्रेक कधी दाबावा हेही नीट कळत नाही त्याला घरातली सर्वांत जुनी! चुका कोण जास्त करणार? नवशिका. मग चूक पोटात घालणारी गाडी कोणाला हवी?

आणि पोरगा चालवणार कुठे, तेही पाहा. नाशिकला जायचे तर मोहदरीचा घाट. पहिल्या पावसात तिथला रस्ता कसा निसरडा होतो, ते मी तुम्हाला सांगायला नको. माळेगाव आणि मुसळगावच्या औद्योगिक वसाहतींचे मालट्रक दिवसरात्र चालू. रात्री मागे दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली समोर येते, आणि शिर्डीच्या रस्त्याला रामनवमीच्या सुमारास पायी जाणारे भाविक कडेने चालत असतात. शिवाय २०२३ च्या मे महिन्यापासून समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून वाहू लागला आहे. तिथे मोटारींना सपाटीवर ताशी १२० ची मुभा आहे.

शिक्षकमित्रांनी हे एवढे गणित वर्गात फळ्यावर मांडावे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. ट्रॉली दिसल्यापासून पाय ब्रेकवर पोचायला एक सेकंद लागला, तर ब्रेक लागण्याआधीच गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे थांबायचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. मुलांना हे एकदा मैदानावर पावले मोजून दाखवा.

मग गाडी कोणती घ्यावी? नवीच हवी असे नाही. पण १ जुलै २०१९ नंतर बनलेली असावी. त्या तारखेपासून चालकापुढे एअरबॅग, पट्टा लावला नाही तर वाजणारी सूचना आणि ताशी ८० ओलांडल्यावर होणारा इशारा, हे सर्व मोटारींना सक्तीचे झाले. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून एबीएसही आले. एबीएस म्हणजे काय? घाबरून ब्रेक करकचून दाबला की चाके जागीच अडकतात, गाडी घसरत जाते आणि स्टेअरिंग फिरवून उपयोग होत नाही. एबीएस चाके अडकू देत नाही, त्यामुळे गाडी वळवता येते. नवशिका घाबरणारच, त्याच्यासाठीच ही सोय आहे. २०२२ नंतरची गाडी मिळाली तर शेजारी बसणाऱ्यापुढेही एअरबॅग मिळेल. इंजिन मात्र लहान असू द्या. दोस्तमंडळी हसतील, हसू द्या.

जुनी गाडी पाहायला जाल तेव्हा किल्ली फिरवून समोरच्या मीटरकडे लक्ष ठेवा. एअरबॅगचा आणि एबीएसचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. लागलाच नाही, किंवा लागून राहिला, तर काही तरी बिघडलेले आहे. टायरच्या बाजूला चार आकडे एका लांबट चौकटीत असतात. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तो टायर बनला. रंगरंगोटी करून गाडी नवी दिसते, टायर मात्र वय सांगतो. आणि व्यवहार झाल्यावर आरसी बुक व विमा स्वतःच्या नावावर करून घ्या. "पुढच्या महिन्यात करू" म्हणत वर्ष जाते.

आता जे अजून अठराचे नाहीत त्यांच्याविषयी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात १८ वर्षांखाली चारचाकी नाहीच. सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीने बिनगियरची दुचाकी चालते, पण ५० सीसीपर्यंतची. आपली पोरे शाळेला नेतात त्या स्कूटर याच्या किती तरी वर आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो: २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविसावे वर्ष पूर्ण होईपर्यंत लायसन नाही. "माझ्या नकळत नेली" हे सिद्ध करायचे ओझेही बापावरच. गावात कोण विचारतो, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ट्रॉली विचारीत नाही, एवढेच मी त्यांना सांगतो.

न्यूझीलंडने १९८७ पासून नव्या चालकांना टप्प्याटप्प्याने परवाना द्यायला सुरुवात केली. मधल्या टप्प्यात रात्री दहा ते पहाटे पाच एकट्याने गाडी चालवायची नाही, आणि अनुभवी माणूस शेजारी नसेल तर मित्रांना बसवायचे नाही. आपल्याकडे तसा कायदा नाही. पण घरात नियम करायला कायदा कशाला लागतो? पहिले सहा महिने रात्री नाही, दोस्तांना घेऊन नाही, समृद्धीवर तर नाहीच. शेजारी बाप बसावा, किंवा आई. मुलगी शिकत असेल तर तिलाही हेच नियम, आणि तिलाही तीच चांगली गाडी.

ते गृहस्थ परवा पुन्हा आले होते. थोरला म्हणाला, मला जुनी चालेल. नाशिकहून २०२० सालची एक लहान गाडी पाहून ठेवली आहे. दिवे लागून विझले, टायर बदलावे लागणार आहेत. पोराला रंग मात्र पसंत नाही.