आई आणि आठवा बिट

श्रोतेहो, माझ्या घरी कोपऱ्यात एक जुना संगणक आहे. १९९६ साली मी एका लहान साप्ताहिकाच्या कचेरीत मजकूर जुळवण्याचं काम करत होतो. काही वर्षांनी कचेरी बंद पडली आणि थकलेल्या पगाराच्या बदल्यात हा संगणक माझ्या वाट्याला आला. काळ्या पडद्यावरचं डॉस, आणि आत पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड. त्या कार्डामुळे पडद्यावर मराठी उमटायची. कविता लिहिणाऱ्या बी.ए. माणसाला आणखी काय हवं? बरीच वर्षं मी त्याच्यावरच लिहिलं. मग फ्लॉपी ड्राइव्ह बिघडला आणि कविता आतच राहिल्या, दोर तुटलेला पोहरा विहिरीत राहावा तशा. त्यात एक कविता अम्मीवरची होती. ती गेली त्या आठवड्यात लिहिलेली. कुठे छापली नव्हती, कागदावरही उतरवली नव्हती.

गेल्या पावसाळ्यात भाचा आला. “मामू, हे धूड अजून भंगारात का नाही घातलंत?” मी कारण सांगितलं. तो गप्प झाला. पुढच्या खेपेला त्याने खिशातून एक हिरवी पट्टी काढली, बँकेच्या कार्डाएवढी. रास्पबेरी पाय. प्रोसेसर, मेमरी, जोडण्या, सगळं एकाच पट्टीवर. मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या मंडळींनी हा संगणक बनवला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो विक्रीला आला तेव्हा त्याची किंमत ३५ डॉलर होती. त्याला स्वतःचा पडदा किंवा कीबोर्ड लागतोच असं नाही. दुसऱ्या यंत्रावरून त्याच्यात शिरता येतं, आणि ते दुसरं यंत्र कितीही म्हातारं असलं तरी चालतं.

हार्ड डिस्क काढून बघू का, असं भाच्याने विचारलं. मी नको म्हटलं. चालत्या म्हाताऱ्याला कशाला उचलून न्यायचं? मग आम्ही मागच्या बाजूचा नऊ पिनांचा सिरियल पोर्ट वापरला. इथे एक धोका असतो. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या, जुन्या पोर्टचा दाब त्याच्या कितीतरी वर. थेट जोडलं तर पट्टी जळू शकते. म्हणून पायच्या यूएसबीला एक ॲडॉप्टर लावला. केबलमधल्या तारा मुद्दाम उलटसुलट जोडलेल्या होत्या, कारण याचं तोंड त्याच्या कानाशी यायला हवं. वेग ९६०० बिट, म्हणजे सेकंदाला साधारण ९६० अक्षरं.

मी एंटर दाबलं. हिरव्या पट्टीने जुन्या पडद्यावर नाव विचारलं, मग पासवर्ड विचारला आणि आत घेतलं. श्रोतेहो, माझं नाव ऐकल्यावर माणसं बहुधा पुढे विचारतात, “अरे वा, तुम्ही मराठीत लिहिता?” इथे तेवढा प्रश्न आला नाही, म्हणून बरं वाटलं.

पण पहिली कविता पाठवली आणि पलीकडे नुसता कचरा पोचला. आकडे, कंस, चिन्हं. अम्मीला मी घरात अम्मी म्हणायचो, कवितेत ती आई झाली होती. त्या ‘आई’च्या जागी एक टक्क्याचं चिन्ह आणि एक अपॉस्ट्रॉफी! माझे हात गार पडले. वाटलं, संपलं सगळं.

भाच्याने थोडा विचार केला आणि हसला. जिस्टची मराठी इस्की नावाच्या भारतीय प्रमाणात साठवलेली असते. त्यात प्रत्येक खुणेला आठ बिट लागतात. पहिल्या १२८ जागा इंग्रजीच्या, पुढच्या भारतीय लिपीच्या. आठवा बिट सांगतो की हे अक्षर पुढच्या ओळीतलं आहे. आमच्या कचेरीत मोडेमवरून इंग्रजी बातम्या यायच्या, त्यांना सात बिट पुरायचे. तीच जुनी मांडणी तशीच राहिली होती. आठवा बिट वाटेत गळला की ‘क’चा तीन होतो, ‘ख’चा चार, आणि ‘आई’ची दोन चिन्हं. मूळ फाइलला धक्काही लागला नव्हता.

मग सातचे आठ केले. कर्मिट नावाच्या जुन्या प्रोग्रॅमने फायली पाठवल्या. तो प्रत्येक तुकडा नीट पोचला का ते विचारतो आणि चुकला तर पुन्हा पाठवतो. युनिकोडची देवनागरी इस्कीच्याच मांडणीवर बेतलेली असल्यामुळे पायने रूपांतरही चटकन केलं. दोनशेच्या वर कविता एका दुपारी बाहेर आल्या.

आता प्रवासात असलो तरी फोनवरून मी घरच्या पायमध्ये शिरतो. ते एसएसएचने. जुनी रीत टेलनेटची, पण तिच्यात पासवर्ड उघडा जातो, पोस्टकार्डावर लिहावा तसा. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात असेच पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तिथल्या तातू इलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. माझ्या डॉसच्या म्हाताऱ्याला आजची कुलपं झेपणार नाहीत. म्हणून त्याला बाहेरच्या जाळ्यात सोडलेलं नाही. तो हातभर केबलने पायशी बोलतो, जगाशी पाय बोलतो. घरातल्या वडीलधाऱ्यांचंही आपण असंच करतो, नाही का?

तुमच्याही माळ्यावर असा एखादा संगणक असेल. आजोबांचा हिशेब, कुणाची पत्रं, गावच्या संस्थेची इतिवृत्तं त्यात असतील. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी घरातल्या जाणत्या मुलाला बोलवा, मागचा पोर्ट दाखवा. आणि पहिल्या खेपेला कचरा आला तर लगेच हताश होऊ नका. कदाचित एकच बिट गळला असेल.