जुनं घर पाडायच्या आधी

आज बोलूया आपल्या जुन्या घराबद्दल.

आपल्या अकोले तालुक्यात, प्रवरेच्या खोऱ्यात दगड-मातीच्या भिंतींची कौलारू घरं अजून उभी आहेत. शेजारी स्लॅबचं घर झालं की जुन्यात सरपण जातं. कौलं फुटतात, पाणी भिंतीत उतरतं आणि एखाद्या पावसाळ्यात भिंत बसते. पण भंडारदऱ्याला काजवे, धबधबे आणि रतनवाडीचं अमृतेश्वराचं मंदिर बघायला येणाऱ्यांना असंच घर मुक्कामाला हवं असतं.

फ्रान्स देशातही खेडी ओस पडत होती, नदीकाठची दगडी घरं पडत होती. तिथं १९५५ साली अशा घरमालकांचा देशभराचा संघ झाला. घरं दुरुस्त केली, सुट्टीला येणाऱ्यांना भाड्यानं दिली. घर विकावं लागलं नाही.

दुरुस्ती करताना एक ध्यानात ठेवा. मातीत बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा नको. आतली ओल कोंडते, माती भुसभुशीत होते आणि गिलावा सुटतो. चुन्याचा नाहीतर मातीचाच गिलावा द्या. आधी कौलं चाळून घ्या, पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून लांब काढा, संडास-न्हाणी नीट करा. रंग शेवटी.

आता मुद्द्याचं. पाहुणे आले की मे महिन्यात त्यांच्या आंघोळीचं पाणी कोण आणतं? भाकरी कोण थापतं, चादरी कोण धुतं? आणि पैसे कुणाच्या मोबाईलवर येतात? काम बाईचं आणि खातं दुसऱ्याचं, असं होऊ देऊ नका.

म्हणून ग्रामपंचायतीतून घराचा नमुना आठचा उतारा काढा. त्यावर नाव कुणाचं आहे ते वाचा. पतीसोबत पत्नीचं नावही लावता येतं, त्यासाठी दोघांनी मिळून अर्ज करा. राज्याच्या पर्यटन विभागाचं २०२३ पासून 'आई' नावाचं धोरण आहे. महिलांच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरलेल्या मर्यादेत परत मिळतं. पण मालकी बाईची असावी लागते. राहत्या घरातल्या खोल्या द्यायच्या तर 'निवास व न्याहारी' योजनेत नोंदणी करता येते.

मात्र पहिल्याच वर्षी मोठं कर्ज काढू नका. गटाच्या अंतर्गत कर्जातून एक खोली नीट करा. समजा एका मुक्कामाचे हजार रुपये आले. त्यातून किराणा, गॅस, पाणी वजा करा. मग तुमची दिवसाची मजुरीही वजा करा. बायका नेमकी तीच धरत नाहीत. उरेल तो नफा. काहीच उरत नसेल तर दर वाढवा, नाहीतर कामाला घरातल्या बाप्यांनाही लावा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या घराचा उतारा आणावा. बचतीच्या वहीशेजारी तो ठेवू आणि सगळ्या मिळून वाचू.