राणीच्या बागेची सहल

पेणजवळच्या रामवाडीहून शाळेची सहल मुंबईला राणीच्या बागेत न्यायची, तर गुरुजी, बुधवार तेवढा टाळा. त्या दिवशी बाग बंद असते. पनवेलला लोकल धरायची, कुर्ल्याला गाडी बदलायची, की आले भायखळा. १८६२ साली उघडलेल्या या बागेचे आजचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान.

आत शिरताच पोरे वाघाकडे धावणार. त्यांना घटकाभर आवरा आणि भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळचा दगडी हत्ती दाखवा. हा आपल्याच रायगड जिल्ह्यातला, घारापुरीचा! पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ साली साहेबलोकांनी त्याला विलायतेस नेण्याचा घाट घातला. उचलता उचलता तो कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. पुढे ते तुकडे मुंबईस आणले आणि १९१४ साली सांधून हत्ती पुन्हा उभा केला. नीट पाहिलेत तर सांधे दिसतात.

मग पाणघोडा. त्याच्यापाशी मुलांना विचारा, आपली म्हैस उन्हाळ्यात डबक्यात का बसते? गुराख्याचा पोर चटकन सांगेल. म्हशीला घाम फार कमी येतो, म्हणून ती पाण्यात गार होते. पाणघोड्याची कातडी उन्हात वाळते. आफ्रिकेत तो दिवस पाण्यात काढतो आणि रात्री बाहेर येऊन गवत चरतो.

पेंग्विन २०१६ साली दक्षिण कोरियातल्या सोल शहरातून आणले. पेंग्विन म्हणजे बर्फ, असे मुले समजतात. हे मात्र पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, हंबोल्ट जातीचे. तिथे बर्फ नाही, पण समुद्राचा प्रवाह थंड असतो. म्हणून त्यांचे काचघर सोळा-अठरा अंशांवर ठेवावे लागते. वीज गेली की आपण हातपंख्यावर भागवतो, त्यांचे तसे भागायचे नाही. आणि हो, कुठल्याच पिंजऱ्यात खाऊ टाकू देऊ नका. खाऊमागोमाग पिशवीही आत जाते.

एक पक्षी पाहायला मात्र मुंबई गाठायला नको. गिधाड! म्हसळा तालुक्यात चिरगावच्या रानात ती आहेत. आजोबांना विचारा, ढोर मेले की आभाळात किती घिरट्या दिसत. १९९० नंतरच्या काळात देशातल्या काही जातींची शंभरातली नव्वदांहून अधिक गिधाडे संपली. कारण निघाले गुरांना सूज-दुखण्यावर टोचायचे डायक्लोफेनॅक. ते टोचलेले ढोर मेले आणि गिधाडाने खाल्ले, की त्याची मूत्रपिंडे निकामी होतात. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. शेतकरी बंधूंनो, बैल लंगडू लागला तर माणसांची सुई आणून घरीच टोचू नका. गुरांच्या डॉक्टरांना बोलवा आणि मेलॉक्सिकॅम चालेल का, ते विचारा. गिधाडांना ते बाधत नाही.