थेंब पडतो कुठे, तेल गळतं कुठून



जुन्या गाडीचं फुल इंजिन काम झालं, बोअरिंग झालं, पिस्टन-रिंगा नव्या पडल्या, क्रँक ग्राइंड झाला आणि गाडी घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी खाली तेलाचा डाग दिसला, तर मालकाचा जीव किती खालीवर होतो हे ज्याने सोसलंय त्यालाच कळेल. मग ठरलेलं निदान येतं: क्रँकचं मागचं ऑइल सील गेलं. गिअरबॉक्स उतरतो, क्लच आणि फ्लायव्हील निघतं, नवं सील बसतं. आणि थोड्याच दिवसांत डाग पुन्हा तिथेच.

वाशीत आमच्या शेजारच्या सोसायटीत एक फियाट ११०० डिलाइट आहे, १९७१ सालची, खाडीपलीकडे कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली. हेच मॉडेल पुढे आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी या नावाने विकलं गेलं, आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणून घराघरांत ओळखीचं झालं. १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं साधं, भलं इंजिन. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली. हे इंजिन डोळे मिटून उघडणारे हातही आता कमी होत चाललेत. म्हणून निदान कसं करायचं, हे मालकालाच ठाऊक असायला हवं.

शेजारच्या या फियाटचंही इंजिन काम झाल्यावर असंच झालं: तेल क्लच हाउसिंगच्या खालून टपकायचं. तिथून पडणारं तेल इंजिनाचंच असेल असं नाही, गिअरबॉक्सचंही असू शकतं. पहिली परीक्षा बोटांची आणि नाकाची. गिअर ऑइल दाट असतं, त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. हे तेल पातळ आणि काळपट होतं, म्हणजे इंजिनाचंच.

मग इंजिन डिझेलने, ब्रश मारून स्वच्छ धुतलं. वाळल्यावर संशयाच्या प्रत्येक जोडावर साधी टाल्कम पावडर उडवली आणि इंजिन चांगलं तापेपर्यंत चालवलं. चालत्या गाडीत वारा आणि पंखा तेलाला मागे ढकलतात, वजनाने ते खाली उतरतं. त्यामुळे शोधायचं असतं सगळ्यात वरचं आणि सगळ्यात पुढचं ओलं ठिकाण. खालचा थेंब फक्त शेवटचा मुक्काम सांगतो.

टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन इंजिनाच्या मागे, केबिनच्या पत्र्याच्या बाजूला पाहिलं, तेव्हा टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेखाली पांढऱ्या पावडरीत एक बारीक काळी रेघ दिसली. ती ब्लॉकच्या पाठीवरून सरळ उतरून क्लच हाउसिंगच्या जोडात शिरत होती. गळत होतं वर, दिसत होतं खाली, आणि सील नाहक बदललं जात होतं.

ते कव्हर पत्र्याचं. गळतंय म्हणून ज्याने त्याने नट आणखी आवळलेले. आवळलं की नटाजवळचा पत्रा दबतो आणि बाकीची कड उचलली जाते. कव्हर काढून सपाट काचेवर ठेवलं तर फट डोळ्यांना दिसत होती. हलक्या हातोडीने कड सरळ केली, कॉर्कचं नवं पॅकिंग घातलं, नट बेताने आवळले. अशा वेळी सिलिकॉनचे थर थापायचा मोह होतो, तो टाळा. आत ओघळलेला तुकडा सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकला, तर बेअरिंगला तेल पोचत नाही, आणि झालेलं सगळं काम पाण्यात जातं.

एवढ्यावर थांबलो असतो तर तेलाने दुसरी वाट काढली असती. कारण मूळ दुखणं दाबाचं होतं. रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेला वायू थोडाफार खाली क्रँकच्या चेंबरमध्ये उतरतोच. तो बाहेर जावा म्हणून ब्रीदर असतो. ब्रीदर तुंबला की आत दाब साठतो आणि मिळेल त्या जोडातून तेल बाहेर ढकलतो. अॅम्बेसेडरच्या जुन्या इंजिनात तर मागे रबरी सीलच नव्हतं. क्रँकवरचे आटे तेल परत आत ओढायचे, आणि आत दाब वाढला की तिथून तेल येणारच. तपासणी सोपी आहे. इंजिन आयडलवर ठेवून तेल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी धरा. ती फुगून वर उचलली गेली, तर आत दाब आहे. या फियाटच्या ब्रीदरच्या नळीत जुन्या काजळीचा गच्च बोळा निघाला. इंजिन नवं केलं, पण नळी धुवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

ब्रीदर मोकळा असूनही पिशवी फुगली, तर कॉम्प्रेशन मोजा. मग सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा बसलेल्या नाहीत. नवं इंजिन सोसायटीच्या आवारात नुसतं आयडलवर घुरघुरत ठेवलं की असंच होतं: सिलिंडरची भिंत गुळगुळीत होते आणि रिंगा धरत नाहीत. त्यांना बेताचा भार लागतो, रस्ता लागतो.

आणि गिअरबॉक्स उतरवायचाच झाला, तर नुसतं सील बदलू नका. क्रँकवर जिथे सील घासतं तिथे नख फिरवा. नख अडलं तर खाच पडली आहे, आणि तिथे नवं सीलही गळेल. कॅमशाफ्टच्या मागचा प्लग आणि ऑइल गॅलरीचा प्लगही त्याच वेळी पाहून घ्या.

गळती थांबली तरी गाडी नुसती उभी ठेवून चालत नाही. २०२१ पासून केंद्राच्या नियमानुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. तो घेतला की गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येते. उभ्या गाडीची सीलं सुकतात आणि खाडीच्या दमट हवेत लोखंड गंजतं. म्हणून देखभालीसाठी मिळणारी मुभा जरूर वापरा, गाडी नीट तापेपर्यंत चालवा.

वाशीचं पावसाचं पाणी गटारांतून होल्डिंग पाँडमध्ये आणि तिथून ठाणे खाडीत जातं. २०२२ साली रामसर यादीत आलेली, फ्लेमिंगोंची हीच ती खाडी. तेव्हा गळती सापडेपर्यंत गाडीखाली ट्रे ठेवा, त्यातलं तेल गटारात न ओतता अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे द्या. आणि मेकॅनिक गिअरबॉक्सला पाना लावण्याआधी त्याला ब्रीदरची नळी काढून दाखवायला सांगा.