पडद्यावरची लढाई आणि घराचा उंबरा



ज्या जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरी दादासाहेब फाळके जन्मले, तेथे चित्रपटांवर बोलावयास कोणी विद्वान हवा. आमचे शिक्षण गेटसभांत आणि फुकट वाचनालयांत झाले. तरी युद्धपटांवर आम्हांला बोलावयाचे आहे, आणि त्याला कारण आहे. याच जिल्ह्यात देवळालीला तोफखान्याचे शिक्षण दिले जाते आणि ओझरला 1964 साली लढाऊ विमानांचा कारखाना निघाला. लढाईचे सामान ज्यांच्या हातांखालून जाते, त्यांना लढाईची किंमतही ठाऊक असावी.

किंमत म्हटली की आम्हांला 1923 चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा आठवतो. कोणता अवयव गेला म्हणजे कमाईची शक्ती किती टक्के गेली असे धरावयाचे, याचा तक्ताच त्याला जोडलेला होता. तो तक्ता हातात धरून आम्ही वर्षानुवर्षे भांडलो. त्यावाचून गरिबाच्या पदरात काही पडले नसते. पण अंगठा गेलेल्या माणसाला सदऱ्याची गुंडी लावता येत नाही, हे त्या तक्त्यात कोठे होते? अमुक हजार सैनिक पडले, हाही एक तक्ताच. चांगला युद्धपट गुंडी दाखवितो.

रेमार्कच्या कादंबरीवरून लुई माइलस्टोनने 1930 साली काढलेल्या बोलपटात ही गुंडी म्हणजे बुटांची एक जोडी आहे. एक पोर इस्पितळात मरतो. त्याचे उत्तम बूट दुसऱ्याला मिळतात. तो पडला की ते तिसऱ्याच्या पायांत जातात. माणसे बदलतात, बूट चालतच राहतात. मेलेल्याच्या यंत्रावर दुसऱ्या दिवशी बदली कामगार उभा राहिलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे फोड करून सांगावे लागत नाही.

आपल्याकडे चेतन आनंद यांनी 1964 साली ‘हकीकत’मध्ये लडाखच्या बर्फात पडलेले जवान दाखविले. चित्र भेदक आहे. पण त्यावर गाणे इतके गोड की प्रेक्षक रडून हलका होतो आणि टांगा शोधावयास लागतो. (आता टांगे गेले, रिक्षा म्हणा.) आमची तक्रार त्या हलके होण्याविषयी आहे.

त्यापेक्षा शांतारामबापूंचा 1946 चा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ आम्हांला अधिक बोचतो. द्वारकानाथ कोटणीस हे गिरण्यांच्या सोलापूरचे. 1938 साली पाच डॉक्टर चीनला गेले, चार परतले. कोटणीस 9 डिसेंबर 1942 रोजी तेथेच वारले, वय 32. चित्रपटात मरणारा डॉक्टर आपल्या चिनी पत्नीला सांगत जातो की, तू सोलापूरला जाशील तेव्हा तुला काय काय दिसेल. आणि पडद्यावर ती खरोखरच त्यांच्या घरी येताना दिसते. हा प्रसंग फार लांबला अशी टीका होते. लांबला खरा. पण तेथे तोफ नाही, रक्त नाही. सासरची वाट आहे, घर आहे, आणि ज्याने तिला घेऊन यावयाचे तोच नाही. युद्धाने घरातून काय नेले हे त्या रिकाम्या जागेवरून कळते.

चित्रपट तेथे संपला. क्वो छिंगलान यांच्या मांडीवर नवरा गेला तेव्हा तान्हा मुलगा होता. तो इनहुआ वैद्यकीचे शिक्षण घेत असतानाच 1967 साली वारला. आई 2012 पर्यंत जगली.