देवळाचा पाया आणि काळी माती



आपल्या वाडवडिलांनी गावाच्या जमिनीचे दोन भाग मानले : काळी आणि पांढरी. काळीत पीक, पांढरीत वस्ती. काळी आई पोट भरते, पण तिच्यावर बांधलेली भिंत टिकत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. पुढे वस्ती वाढली, पांढरी अपुरी पडली आणि घरे, शाळा, सभामंडप काळीत उभे राहू लागले. मग फरशी उचलते, भिंतीला चीर जाते. लोक गवंड्याला बोल लावतात. दोष पुष्कळदा मातीचा असतो.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. ते पाण्याने फुगते आणि वाळले की आकसते. याची परीक्षा सोपी आहे. खुणा केलेल्या काचेच्या दोन नळ्यांत चाळलेली कोरडी माती १०-१० ग्रॅम घालावी. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल भरून २४ तास ठेवावे. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. फरक जितका मोठा, तितकी माती धोक्याची.

काळीचा थर उथळ असेल तर तो काढून मुरूम भरणे उत्तम. थर खोल असेल तर तो सगळा उपसणे गावाच्या आवाक्याबाहेरचे असते. तेथे राख व सिमेंट उपयोगी पडते. भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस निघते आणि तुसाच्या सुमारे पाचवा हिस्सा राख. नीट जळलेल्या या राखेत बहुतांश सिलिका असते. सिमेंटला पाणी लागले की चुना सुटतो. सिलिका त्या चुन्याशी मिळून मातीचे कण बांधून धरते. साखर कारखान्यातील उसाच्या चिपाडाची राखही अशीच कामी येते. राख एकटी काही धरत नाही आणि नुसते सिमेंट महाग पडते. दोघांची जोड हवी.

साधारणपणे १०० किलो कोरड्या मातीस ५ ते १० किलो राख व ४ ते ८ किलो सिमेंट लागते. नेमके प्रमाण मात्र प्रयोगशाळेतील चाचणीनेच ठरवावे. राख जास्त झाली तर बळ उलट घटते. ढेकळे फोडून सर्व एकजीव करावे, बेताचे पाणी घालून थर पसरावा आणि २ तासांच्या आत रोलरने अगर धुमसाने चोपावा. पुढे ७ दिवस ओल राखावी.

हा उपाय फरशी, प्रदक्षिणामार्ग, पटांगण व रस्ता यांच्यासाठी आहे. शिखराचा व खांबांचा भार त्यावर टाकू नये. त्यांचा पाया अभियंत्याच्या सल्ल्याने खाली कठीण थरापर्यंत न्यावा. तसेच अभिषेकाचे व छपराचे पाणी पन्हळीने दूर काढावे. पायाशी पाणी मुरत राहिले तर केलेले काम वाया जाईल.

सज्जनहो, कळसाला व पायरीला देणगीदार मिळतो, कारण तेथे नाव कोरता येते. पायाखालच्या मातीवर नाव कोरता येत नाही, म्हणून त्या कामास पैसा कमी पडतो आणि पुढच्या पिढीला पुन्हा वर्गणी काढावी लागते. तेव्हा वर्गणीतील पहिला हिस्सा मातीच्या तपासणीस व पायास द्यावा, ही सर्वांना नम्र विनंती. ग्रामदैवत सर्वांना सद्बुद्धी व यश देवो.